बारा ओळींचे तुरे

लग्न होऊन मी केमजवळच्या एका गावात नांदायला आले तेव्हा एक गोष्ट मनात पक्की धरून आले होते, की इथे फार दिवस राहायचं नाही. नवरा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला होता. आज ना उद्या त्यांना क्वार्टर मिळणार होतं. क्वार्टर म्हणजे नळाचं पाणी, विजेचा दिवा आणि रॉकेलचा स्टोव्ह, एवढी चौकशी मी लग्नाआधीच करून ठेवली होती. माझं माहेर अकलूजकडचं. कॅनॉलच्या पाटात पाय सोडून बसलेली, उसात लपंडाव खेळलेली मुलगी मी. पाणी वाहतं असतं एवढंच मला ठाऊक. सासरी आल्यावर कळलं की पाणी खोल असतं, आणि ते दोर सोडून, कंबर मोडून वर ओढायचं असतं. पहिल्या आठ दिवसांत माझ्या तळहातांना फोड आले आणि तोंडाला कुलूप लागलं. राग आला की मी बोलायचं बंद करते. हा माझा जुना दोष आहे, आणि त्याच दोषापायी एकदा मी एका बाईचं घर मोडायला निघाले होते.

घरात आम्ही दोघीच, मी आणि सासू. मी त्यांना आत्या म्हणायची, आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. सासरे मी यायच्या कितीतरी आधी गेलेले. हे शनिवारी संध्याकाळच्या गाडीने यायचे आणि सोमवारी सकाळच्या गाडीने परत जायचे. मधले दिवस आत्या, मी आणि म्हैस. त्यातही आत्यांचं निम्मं बोलणं म्हशीशीच चालायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, तरी गावात तो परवाच येऊन गेल्यासारखा विषय निघायचा. आत्यांनी त्यात खडी फोडली होती, बैलं गेली होती, गाय गेली होती. वाचली ती म्हैस. ती जनावरांच्या छावणीतून हाडं घेऊन परत आली तेव्हा आत्यांनी दारात तिला ओवाळलं होतं, हे शेजारणी मला हसत हसत सांगायच्या. मीही हसायची. माहेरी आमच्याकडे जनावरं पुष्कळ होती, पण कुणी ओवाळताना मी पाहिलं नव्हतं.

जमीन म्हणावी तर माळावरची मुरमाड, जिच्यात कुसळं बरी यायची, आणि विहिरीजवळचं वीस गुंठ्यांचं रान. सगळी भिस्त त्या वीस गुंठ्यांवर. पण तेही दगड झालं होतं. नांगर घातला की मोठाली ढेकळं निघायची आणि पाऊस पडला तरी विरघळायची नाहीत. आदल्या वर्षी ह्यांनी हौसेने पांढऱ्या खताचं पोतं आणून टाकलं होतं. नेमकी पावसाने पंधरा दिवस ओढ दिली आणि ज्वारीची पानं कडेकडेने पिवळी पडत गेली. तेव्हापासून हे मागे लागले होते की आता पुरे झालं. उन्हाळ्यात एका रविवारी जेवताना त्यांनी सांगूनच टाकलं.

"आये, ह्यो एक हंगाम बघू. न्हाय काय आलं तर दिवाळी झाली की घराला कुलूप. म्हस इकू आन तुमी दोगी कुर्डुवाडीला चला."

आत्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "बघू."

मी चुलीपुढे बसून ऐकत होते. मनातल्या मनात देवाला हात जोडले. पीक येऊ देऊ नकोस असं काही मागितलं नाही, तेवढी वाईट मी नव्हते. पण जे मागितलं ते त्याच्या बरंच जवळपासचं होतं.

मृग निघायच्या आधी ग्रामसेवक सायकलवरून आले. बारीक, घामेजलेले गृहस्थ, पिशवीत कागद आणि बी. त्यांनी आत्यांना मका करायला सांगितलं. गावात मका कोणी करत नव्हतं. दुष्काळात फुकट वाटलेलं पिवळं पीठ म्हणजे मका, अशी लोकांची समजूत, आणि त्या पिठाची आठवण कोणाला नको होती. आत्या म्हणाल्या, "त्या पिठावरच जगलो की. त्येला का नावं ठिवायची?"

ग्रामसेवक खुश झाले आणि भराभरा सांगत सुटले. रानाचं पोट रिकामं आहे, आधी त्याला खायला घाला. गोठ्याशेजारी खड्डा घ्या. शेण, केर, राख, पालापाचोळा, सगळं त्यात. मक्याच्या दोन ओळींमध्ये चवळीची एक ओळ धरा, जमीन झाकलेली राहील, ओल टिकेल. कापणीनंतर उरलेली धसकटं उपटून जाळायला आणू नका, रानातच कुजू द्या.

"शेण समदं खड्ड्यात," मी विचारलं, "मग गोवऱ्या कशाच्या लावायच्या?"

ग्रामसेवकांनी सायकलच्या घंटीकडे पाहिलं. ती नीट वाजते का ते बघितलं. मग म्हणाले, "ते तुम्ही घरातल्या बायका बघाल."

इथे गोवरीबद्दल सांगायला हवं, नाहीतर माझा राग कळायचा नाही. त्या काळी आमच्याकडे शेण म्हणजे जळण. सकाळी गोठ्यातून उचलायचं, कोंडा कालवून भिंतीवर थापायचं, वाळलं की रचून ठेवायचं. रचलेल्या गोवऱ्यांच्या ढिगाला हुडवा म्हणायचे, आणि कुणाच्या दारात केवढा हुडवा यावरून त्या घरच्या बाईची परीक्षा व्हायची. आत्यांचा हुडवा गावात नावाजलेला होता. गोवरीचा विस्तव एकसारखा असतो, भाकरी फुगते, दूध करपत नाही. धसकटंही चुलीतच जायची. थोडक्यात, रानातून जे निघेल ते सगळं आम्ही चुलीत घालत होतो, आणि रानाला परत काही जात नव्हतं. हे आज मला असं सरळ सांगता येतं. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की भाकऱ्या करायच्या मी, आणि जळण चाललंय खड्ड्यात.

आत्यांनी दुसऱ्या दिवशीपासून एक गोवरी थापली नाही. शेणाची पाटी उचलायच्या आणि सरळ खड्ड्यात. होता तो हुडवा पावसाळ्याच्या तोंडाला संपला, मग चुलीत बाभळीच्या ओल्या फांद्या आणि शेजारून आणलेल्या तुरीच्या तुराट्या. धुराने माझे डोळे सुजायचे. भाकरी एका बाजूला कच्ची, एका बाजूला काळी. मी तशीच ताटात वाढायची, मुद्दाम. आत्या मुकाट्याने काळा भाग खरवडून खायच्या.

शेवटी मी चोरी केली. सकाळी आत्या धार काढत असताना थोडं थोडं शेण बाजूला सारायचं आणि गोठ्याच्या मागच्या भिंतीवर, जिथे कुणी जात नाही तिथे, गोवऱ्या थापायच्या. आठ-दहा झाल्या. एक दिवस जेवता जेवता आत्या सहज म्हणाल्या, "मागल्या भिताडावरच्या वाळल्या का गं?"

मी भाकरीचा तुकडा कालवणात उगाच फिरवत राहिले.

"अजून दोन दिस लागत्याल," त्याच म्हणाल्या. "तितं ऊन कमी."

दोन दिवसांनी मी पाणी घेऊन आले तर भिंत रिकामी. सगळ्या गोवऱ्या फोडून खड्ड्यात घातलेल्या. एक तेवढी चुलीजवळ नीट पुसून ठेवली होती. "ती तुजी," आत्या म्हणाल्या. "सणाला पुरनपोळीला लाव." मला हसू आलं आणि ते दाबायला फार त्रास झाला, कारण मी चार दिवसांपासून त्यांच्याशी बोलत नव्हते.

पेरणी सावडीने झाली. म्हणजे भावकीतल्यांनी त्यांची बैलं आमच्या रानात आणायची आणि आम्ही दोघींनी त्यांच्या खुरपणीला जायचं. खड्ड्यातलं खत तेवढ्या दिवसांत पुरतं कुजलं नव्हतं, तरी आत्यांनी पाट्यांनी वाहून ओळींमध्ये टाकलं. मका उगवला, चवळी उगवली. खुरपायला बसलं की आत्या माझ्या पुढच्या ओळीत असायच्या आणि बोलता बोलता माझ्या ओळीतलंही निम्मं तण काढून ठेवायच्या, मला कळू न देता. मला कळायचं. मी काही म्हणायची नाही.

श्रावणात पावसाने पुन्हा दडी मारली. आजूबाजूच्या रानांना भेगा पडायला लागल्या. एके सकाळी आत्यांनी मला चवळीच्या वेलांमध्ये बसवलं, माझा हात धरला आणि बोट मातीत खुपसलं. वरचं कातडं कोरडं होतं, खाली गार ओल. "लागती का?" त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू मी लहान मूल आहे आणि त्या मला पहिल्यांदा काहीतरी दाखवतायत. मी "व्हय" म्हणाले आणि बोट काढून घेतलं. खरं तर मलाही आनंद झाला होता. तो झाला याचाच मला राग आला, कारण हे रान पिकलं तर माझं क्वार्टर गेलं.

मका डोक्याएवढा झाला आणि शेंड्यावर तुरे निघाले. आमच्या म्हशीचे तेव्हा हाल चालले होते. माळ करपलेला, चारा नाही, दूध निम्म्यावर आलेलं. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत उभ्या राहायच्या आणि तिला समजावायच्या, जरा दम धर म्हणून.

त्या दिवशी मी न्याहारी घेऊन रानात गेले तर आत्या मक्यात दिसेनात. मग शेंडे हलताना दिसले. विहिरीकडच्या कडेने त्या एकेक ओळ धरून येत होत्या आणि मक्याच्या प्रत्येक ताटाचा, म्हणजे उभ्या धाटाचा, तुरा उपटून पाटीत टाकत होत्या. कोवळा, हिरवा, लुसलुशीत तुरा. पाटी शिगोशीग भरली होती, बांधावर आणखी एक ढीग होता.

आता हे समजून घ्यायला आमचा मुलूख ज्वारीचा आहे हे ध्यानात ठेवावं लागेल. ज्वारीचं कणीस ताटाच्या डोक्यावर येतं. आत्यांचा सगळा जन्म डोक्यावरचं कणीस बघण्यात गेलेला. मक्याचं कणीस मध्येच, पानाच्या बगलेत येणार, एवढं ग्रामसेवकांनी सांगितलं होतं. मग डोक्यावर हे जे आलंय, ज्यात दाण्याचं नाव नाही, ते काय? तर पोकळ कणीस, पोसायला नको, म्हशीला घालावं. असं त्यांनी ठरवलं, आणि त्यांच्या जागी गावातल्या कुठल्याही बाईने तेच ठरवलं असतं. विचारणार कोणाला? ग्रामसेवकांची मधल्या काळात बदली झाली होती.

मला मात्र माहीत होतं. माहेरी उसाच्या कडेने मका असायचा. वडिलांनी एकदा कोवळ्या कणसाची पानं सोलून मला आतले केस दाखवले होते. वरच्या तुऱ्यातली भुकटी या केसांवर पडते, एका केसामागे एक दाणा भरतो, तुरा गेला तर कणीस वांझ. तुऱ्याला हात लावला म्हणून माझ्या धाकट्या भावाने मार खाल्ला होता.

मी बांधावर उभी राहिले. भाकरीचं फडकं हातात. आत्या चौथ्या ओळीत होत्या की पाचव्या, मला आठवत नाही. हाक मारायला तोंड उघडलं आणि मग ते मिटलं. मी काही ठरवलं नाही. एवढंच झालं की डोळ्यांपुढे नळ आला. पितळेचा, गळका नळ, त्याखाली माझी कळशी. मी बाभळीखाली बसले. आत्या एकेक ओळ संपवत राहिल्या. मधे एकदा मान वर करून त्यांनी विचारलं, "जेवलीस का?" मी मान हलवली. त्या पुन्हा मक्यात शिरल्या.

बारा ओळी झाल्या तेव्हा ऊन डोक्यावर आलं. आत्या घामाने निथळत बांधावर आल्या, भाकरी खाल्ली, वर गटागटा पाणी प्याल्या. "राह्यलेलं उद्या काढू," म्हणाल्या. दोन पाट्या दोघींनी डोक्यावरून घरी आणल्या. म्हशीने तुऱ्यांत तोंड घातलं ते वर काढलंच नाही. आत्या तिच्याजवळ बसून तिचं चावणं ऐकत होत्या. इतकं सुखी मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. संध्याकाळी धारेला दूध वाढलंय असं त्यांना वाटलं, आणि त्यातलं वाटीभर त्यांनी मला दिलं, स्वतः घेतलं नाही. ते दूध मी प्याले. त्या दुधाची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाटी डोक्यावर ठेवून निघाल्या. मी उंबऱ्यात उभी होते.

"आत्या, तुरं काढू नका."

"का गं?"

मी सांगितलं. केस, भुकटी, दाणा, वडील, सगळं भराभरा सांगितलं, जमिनीकडे बघत. त्यांनी पाटी हळूच खाली ठेवली.

"तुला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"मग काल?"

"काल ध्यानात आलं न्हाय," मी म्हणाले.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग "बरं," एवढंच म्हणाल्या आणि पाटी गोठ्यात परत नेऊन ठेवली. त्या दिवशी त्या रानात गेल्या नाहीत.

पुढचे दीड महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. आत्यांनी मला एक शब्दही लावला नाही. स्वतःलाच लावत राहिल्या. रविवारी ह्यांना म्हणाल्या, "माज्या हातानं मारल्या रं बारा वळी. आता कशाचं रान राखू?" हे म्हणाले, जाऊ दे आये, माणसाकडनं चूक होते. मी तिथेच बसले होते. तोंडात शब्द होते, पण दातांच्या बाहेर येईनात. विहिरीकडच्या त्या बाजूला आत्या पाऊल टाकेनाशा झाल्या. मीही टाळायची. एकदा धीर करून गेले, एक कणीस वरून दाबून बघावं म्हणून हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

मग आत्यांनी आवराआवर काढली. जास्तीची भांडी घासून पोत्यात भरली. विहिरीचा नवा दोर शेजारणीला देऊन टाकला. केमकडचा एक माणूस म्हैस बघायला आला. त्याने तिचा जबडा उघडून दात बघितले, कासेला हात लावला, मागे-पुढे चालवून पाहिलं. आत्या तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, जिथे पूर्वी गोवऱ्या थापल्या जायच्या त्या भिंतीकडे. तो "दसरा झाला की येतो" म्हणून गेला. मला जे हवं होतं ते सगळं आता होणार होतं. आणि मी गोठ्यामागे जाऊन पदर तोंडात कोंबून रडले.

आश्विनात कणसं वाळली. मोडणीला हे दोन दिवसांची रजा काढून आले. दुसऱ्या कडेने सुरुवात केली. तुरे न काढलेल्या ओळींना कणसं चांगली होती, पिवळीधमक, टोकापर्यंत भरलेली. ढीग वाढायला लागला तसे हे गप्प होत गेले. पण आत्यांचं लक्ष ढिगाकडे नव्हतं. शेवटच्या बारा ओळी राहिल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "तेवडं कणसासकट कापून म्हशीपुढं टाका. मला नगा दावू." आणि बाभळीखाली जाऊन बसल्या, मी बसले होते तिथेच.

मी विळा घेतला. पहिलंच ताट कापलं तर ते हातात जड लागलं. मला वाटलं, भास होतोय. कणसावरची वाळकी पानं ओढली. आत दाणे. एकाला एक लागून, टोकापर्यंत. दुसरं सोललं, तिसरं सोललं. मी वेड्यासारखी ताटं न कापता नुसती कणसं सोलत ओळभर पळत सुटले. सगळी भरलेली होती.

कारण साधं होतं. शेजारच्या ओळींचे तुरे शाबूत होते. वाऱ्याने त्यांची भुकटी या बारा ओळींवर आणून टाकली होती. तुरे सगळेच काढले असते तर रान वांझ राहिलं असतं, बाराच काढले म्हणून काही बिघडलं नाही. माझ्या वडिलांनी मला निम्मंच सांगितलं होतं, आणि त्या निम्म्यावर मी पाप करून बसले होते.

ओटीत आठ-दहा कणसं घेऊन मी बाभळीखाली गेले आणि ती आत्यांच्या मांडीवर ओतली. त्यांनी एक उचललं, अंगठ्याने दाणे चाचपले. बराच वेळ त्या एका कणसावर अंगठा फिरवत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता, ह्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिशी तू हितंच बसली हुतीस. सकाळधरनं."

मी खाली बसले.

"तुमाला कवा कळलं?"

"दुसऱ्या दिशी. ध्यानात आलं न्हाय म्हनलीस तवाच."

"मग बोलला का न्हाई, आत्या? मला मारायचं हुतं. ह्यांना सांगायचं हुतं."

"काय सांगू?" त्या म्हणाल्या. "मीबी नवी आले हुते तवा हितनं पळून जावं वाटायचं. माजं म्हायेर हुतं म्होरल्याच गावात, पर म्हायेर त्ये म्हायेर. तू दुसऱ्या दिशी तरी बोललीस. तुज्या जागी मी असते तर बोलले नसते, पोरी."

मी त्यांच्या मांडीवर, त्या कणसांवरच डोकं ठेवलं. त्यांचा हात माझ्या केसांवर आला, खरबरीत, शेणामातीचा. ह्यांनी लांबून विचारलं काय झालं म्हणून. आत्या म्हणाल्या, "कनसं बघून रडती. म्हायेरची आटवन आली आसंल."

म्हैस विकली गेली नाही. शेजारणीने दोर परत आणून दिला. दाणे काढून झाल्यावर रिकाम्या कणसांचा हा एवढा ढीग उरला, तो चुलीत गोवरीसारखा नेटका जळतो हे आम्हाला तेव्हा समजलं. भाकऱ्या पुन्हा फुगायला लागल्या. पुढच्या सालाच्या बियाण्यासाठी आत्यांनी त्या बारा ओळींतलीच कणसं निवडली आणि पानांच्या वेण्या घालून आढ्याला टांगली. धसकटं रानातच ठेवली.

दिवाळी झाल्यावर क्वार्टरचा कागद आला. मी म्हणाले, मी नाही जाणार. मनापासून म्हणाले. आत्यांनी मला चांगलंच झापलं. "नवरा तितं आन तू हितं, ह्यो काय संसार हाय? तू जा. रान मी बघती. लागल तवा हाक मारीन." त्यांनीच माझी ट्रंक भरली. निघताना खड्ड्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तितला केर टाकू नगंस. आनत जा."

आणि मी खरंच आणत गेले. क्वार्टरच्या नळाखाली भाजी धुताना निघालेली देठं, चहाचा चोथा, शेजारच्या घरांतली राख, सगळं पोतडीत भरायचं आणि रविवारी सकाळच्या पॅसेंजरने केमला न्यायचं. डब्यातल्या बायका नाक मुरडून सरकून बसायच्या. एकदा तिकीट तपासनिसाने पोतडी उघडायला लावली आणि लगेच बंदही करायला लावली. हे वैतागायचे, पण उतरल्यावर पोतडी खांद्यावर तेच घ्यायचे.

दुसऱ्या वर्षी वाटेच्या पलीकडच्या रानात मका दिसला, मध्ये चवळी. तिसऱ्या वर्षी आणखी चार-पाच घरांत खड्डे झाले, आणि त्या घरच्या सुना माझ्याकडे खाऊ का गिळू अशा नजरेने बघायला लागल्या. लोक आत्यांना विचारायला यायचे. खत केव्हा काढायचं, चवळी केव्हा तोडायची, बी कसं ठेवायचं. आत्या दारात बसून सगळं सांगायच्या. आणि शेवटी, न चुकता, तुऱ्याचं सांगायच्या.

"तुऱ्याला हात लावू नगा. मी लावला हुता. समदं रान गेलं असतं. पर माजी सून बोलली येळंवर, म्हनून वाचलं."

येळंवर. दर वेळी हाच शब्द. मी आतून पाणी घेऊन आलेली असायची, तांब्या हातात. लोक कौतुकाने माझ्याकडे वळून बघायचे. मला वर बघवायचं नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं, टोमणा मारतायत. नंतर त्यांचा चेहरा नीट पाहिला. त्यात टोमणा नव्हता. त्यांना ते तसंच सांगायचं होतं, गावाला, मुलाला, पुढे माझ्या मुलांना, आणि त्यांनी ते शेवटपर्यंत तसंच सांगितलं.

मी एक दिवस उशिरा बोलले होते. हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं, आणि आता ते ठाऊक असलेली मी एकटीच आहे.